खलनायकाची हजेरी नक्की कशी मोजायची?

शाडूमाती · रविवार, रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न पोरकट आहे हे आधीच कबूल करून टाकतो. वय वर्षं ५३. घरात या विषयावर वाद घालायला आता कुणी तयार होत नाही, म्हणून इथे आलो.

इंद्रजाल कॉमिक्समधला जादूगार मँड्रेक आठवतोय ना? त्याचा एक शत्रू होता, साकी ऊर्फ क्ले कॅमल. वेषांतरात त्याचा हात कुणी धरणार नाही. क्षणात कुणाचंही रूप घ्यायचा आणि चोरी करून निघताना मातीचा एवढासा उंट मागे ठेवून जायचा. आमच्या घरात त्याचं नाव 'उंटवाला'. वाड्यातल्या बाकीच्या पोरांना मँड्रेक नाहीतर त्याचा जोडीदार लोथार व्हायचं असे. मला उंटवाला व्हायचं होतं.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात एक बिऱ्हाड शाडूचे गणपती करायचं. त्यांच्याकडची उरलेली माती पळवून मी एक उंट केला, दिवाळीपर्यंत कोनाड्यात वाळवला, आणि बेसनलाडवांच्या डब्यातून ४ लाडू लंपास करून त्यांच्या जागी तो ठेवून दिला. आईने डबा उघडला आणि हातात ते ध्यान घेऊन घरभर विचारत फिरली, "लाडवांत हा कुत्रा कोणी ठेवला?" एक पाय तुपाला चिकटून डब्यातच राहिला होता.

तेव्हापासून उंटवाल्याच्या सगळ्या हजेऱ्या जमवायचा नाद लागला. २०० पानी वही आहे, वर 'हजेरीपट' असं लिहिलंय. आजवर नोंदी १९. पण खऱ्या किती, हे मलाच सांगता येत नाही. हा गडी स्वतःच्या चेहऱ्याने चौकटीत फारसा येतच नाही. दुसऱ्याचा चेहरा घेऊन वावरतो आणि मग कळतं, अरे, हा तर तोच. मग हजेरी कुठल्या पानापासून लावायची? एकच गोष्ट मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत मिळाली तर एक धरायची की तीन? त्याची मुलगी ब्रास मंकी, तीही बापाच्या वळणावर गेलेली. तिच्या गोष्टीत बापाचं नुसतं नाव निघालं तर?

आणि सगळ्यांत छळणारी नोंद म्हणजे क्रमांक ११. रद्दीतून आलेला मराठी अंक. कव्हर नाही, शेवटची दोन पानं नाहीत, आणि मधल्या एका पानावरची चौकट कुणीतरी कात्रीने सुबक कापून नेलेली. पानाला चक्क खिडकी पडलीये. त्या चौकटीत उंट होता अशी माझी पक्की समजूत आहे. कव्हर नसल्याने अंकाचा क्रमांकही कळत नाही. ही नोंद ठेवू की खोडू?

बोळकर · रविवार, रात्री १०:४४

पहिला! आता वाचतो.

शनिवारकर · रविवार, रात्री ११:०५

वाचलं. वेळ बरा जातोय तुमचा.

कॉमिक वाचायचं असतं, मोजायचं नसतं. आणि मोजायचंच तर निदान वेताळाचे, म्हणजे फँटमचे, शत्रू मोजा. मँड्रेक काय करतो? हातवारे. समोरच्याच्या पिस्तुलाचं केळं होतं, संपली गोष्ट. वेताळ मुस्काटात देतो आणि गालावर कवटी उमटते. त्याला म्हणतात हिशेब.

वेताळटेकडी · रविवार, रात्री ११:२०

शनिवारकरांशी सहमत (हे वाक्य लिहायची वेळ पहिल्यांदाच आली).

पण काका, वेताळाचे शत्रू मोजणंही सोपं नाही. इंद्रजालवाल्यांनी नावंच बदलली होती. वर्तमानपत्रातल्या मूळ स्ट्रिपमधला समुद्री चाच्यांचा 'सिंग ब्रदरहूड' आपल्याकडे 'सिंगा' झाला. वेताळाच्या बापाला मारणारा मूळचा 'रामा', तो इथे 'रामालू' झाला. वेताळाच्या जंगलाचा देशसुद्धा आपल्याला 'डेंकाली' म्हणूनच माहीत. भारतीय वाचकाला आपलंच नाव खलनायकाला नको वाटेल म्हणून हे केलं असणार, आणि ते समजण्यासारखंही आहे. पण परदेशी यादी हातात घेऊन 'रामा' शोधत बसलात तर आपल्या अंकांत तो सापडणारच नाही. मी बसलो होतो. दोन महिने.

अळूचं_फदफदं · रविवार, रात्री ११:३१

आमच्या सोसायटीत एक खलनायक आहे. रोज रात्री ९ वाजता माझ्या पार्किंगमध्ये त्याची हजेरी. वेषांतर नाही, काही नाही. उंटही ठेवत नाही, सरळ इनोव्हा ठेवतो. वही करू का?

डूमभक्त · सोमवार, सकाळी ९:१५

शाडूमाती काका, तुमचा प्रश्न अजिबात पोरकट नाही. आम्ही डॉक्टर डूमवाले हेच भोगतोय. मार्व्हलचा हा खलनायक पहिल्यांदा आला तो फँटास्टिक फोरच्या ५व्या अंकात, जुलै १९६२. स्टॅन ली आणि जॅक कर्बी. तिथपर्यंत सगळं सरळ. पण या महाशयांकडे स्वतःसारखे दिसणारे यंत्रमानव आहेत, डूमबॉट. डूम हरला की मागाहून कुणीतरी लेखक सांगतो, तो डूम नव्हताच, बॉट होता!

यातला सगळ्यांत भारी किस्सा: १९८१च्या एक्स-मेनमध्ये आर्केड नावाचा एक फुटकळ खलनायक डूमच्या चिलखतावर काडी ओढून पेटवतो आणि डूम ते खपवून घेतो. लेखक-चित्रकार जॉन बर्नला हे अजिबात रुचलं नाही. लॅटव्हेरियाचा राजा डूम कुणाला आपल्या अंगावर काडी ओढू देईल? मग १९८३मध्ये फँटास्टिक फोर त्याच्या हातात असताना त्याने दाखवलं की तो बॉट होता, आणि तसं होऊ दिल्याबद्दल खऱ्या डूमने त्या बॉटचा निकाल लावला. आता सांगा, १९८१चे ते अंक माझ्या यादीत ठेवू की काढू? पैसे तर मी डूमचे मोजलेत.

बोळकर · सोमवार, सकाळी ९:२२

म्हणजे डूमबॉट हा डूमचा प्रॉक्सी. कॉलेजात आम्ही पण एकमेकांची हजेरी लावायचो. सर मोजायचेच की.

शनिवारकर · सोमवार, सकाळी ९:४०

चिलखतावर काडी ओढली म्हणून दोन वर्षांनी खुलासा. हा बर्न आमच्या पेठेतला असणार.

राकाराम · सोमवार, सकाळी १०:०२

राका! कुणीच कसं नाव घेतलं नाही? प्राण यांच्या चाचा चौधरीतला डाकू राका. चक्रमाचार्यांचं औषध पिऊन अमर झाला. मारता येत नाही, म्हणून दर वेळी त्याला अडकवायला नवी जागा शोधायची. आमच्याकडे मोजायला सोपं, कारण कव्हरवरच भला थोरला राका आणि नावातही बहुतेकदा राकाच. लपूनछपून काही नाही. डोंगराएवढा साबू समोर असताना लपणार तरी कुठे?

मी सगळे हिंदीतून वाचले, कोथरूडमध्ये, शेजारच्या गुप्तांच्या पोराकडून मागून. माझं हिंदी राकाने सुधारलं. दहावीच्या निबंधात 'इंतकाम' हा शब्द वापरला होता, बाईंनी खाली लाल रेघ मारली.

रुपेरी_मुखवटा · सोमवार, दुपारी १:१०

मँड्रेकचे शत्रू म्हणाल तर कोब्रापुढे सगळे पाणी कम. माझं आयडी बघा.

ली फॉकने मँड्रेक ११ जून १९३४ रोजी सुरू केला आणि दैनिक स्ट्रिपच्या पहिल्याच कथेत कोब्रा आहे. म्हणजे नायक आणि खलनायक जुळे म्हणायचे. १९३७मध्ये तो संपला असं वाटलं. मग १९६५मध्ये परत आला, चेहऱ्यावर चांदीचा मुखवटा घालून! २८ वर्षांनी. मधल्या काळात चित्रकारही बदलला होता. फिल डेव्हिस १९६४मध्ये वारले आणि पुढे फ्रेड फ्रेडरिक्स आले. इंद्रजालही १९६४चंच, त्यामुळे आपल्या पिढीने कोब्रा ओळखला तो मुखवट्यावरून. मूळ चेहरा आपल्यातल्या कितीजणांनी पाहिलाय?

तुमचा उंटवालाही जुनाच हो. स्ट्रिपच्या पहिल्या काही कथांतच तो येतो, म्हणजे त्याची मूळ हजेरी डेव्हिसच्या हातची. 'सगळ्या हजेऱ्या' हव्या असतील तर नुसत्या इंद्रजालवर भागणार नाही, मूळ स्ट्रिपकडे जावं लागेल. मी यादी करताना नोंद मूळ कथेची करतो, आणि त्याखाली बारीक अक्षरात भाषा आणि प्रती. कथा एक, तर हजेरी एक. तुमच्या १९ नोंदींची हवा निघेल, पण इलाज नाही.

शाडूमाती · सोमवार, दुपारी २:३०

रुपेरीराव, हवा निघाली. आत्ता जेवता जेवता मोजलं. भाषा एकत्र केल्या तर १९चे ९ होतात. जेवण गोड लागलं नाही.

डूमभक्त, तुमच्या काडीवरून एक सुचलं. त्या वेळी वाचणाऱ्याने त्याला डूम समजूनच वाचलं ना? मग हजेरी डूमचीच. नंतरच्या खुलाशाने जुनी भीती कशी रद्द होईल? उंटवाल्याचं नेमकं उलट. वाचताना तो कुणीतरी दुसरा असतो आणि मागाहून सगळी पानं त्याची होतात. मी तर अशी गोष्ट दोनदा वाचायचो. दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या पानापासून त्या साळसूद माणसाकडे बघून हसायला यायचं. हजेरी खरी त्या दुसऱ्या वाचनात लागते.

मुळामुठा · सोमवार, दुपारी ३:१५

हे छानच. टिनटिनमधल्या रास्तापोपुलोसचंही असंच आहे. तो नावानिशी येतो 'सिगार्स ऑफ द फेरो'मध्ये (१९३२ ते ३४), पण त्याच्या आधीच्या अमेरिकेच्या गोष्टीत मेजवानीच्या चित्रात टिनटिनजवळ बसलेला इसम तोच, असं जाणकार मानतात. नाव नाही, संवाद नाही, नुसता जेवायला बसलाय. लग्नात फुकट जेवून जाणाऱ्यांसारखा.

डूमभक्त · सोमवार, दुपारी ३:४०

मुळामुठा, बाजारात अशा झलकेचा वेगळा भाव असतो. वुल्व्हरिन आज नायक आहे, पण आला तो हल्कशी लढायला. हल्कच्या १८०व्या अंकात शेवटच्या चौकटीत नुसती झलक, आणि १८१व्यात, १९७४मध्येच, पूर्ण दर्शन. खरं पहिलं दर्शन कोणतं यावर लोक अजून भांडतात, पण पैसे १८१लाच जास्त मोजतात. म्हणजे बाजाराने निकाल दिलाय: काम केल्याशिवाय हजेरी नाही.

शनिवारकर · सोमवार, दुपारी ३:५२

हा नियम आमच्या ऑफिसात लावला असता तर माझे निम्मे सहकारी पेन्शनला मुकले असते.

रुपेरी_मुखवटा · सोमवार, दुपारी ४:२०

आणि काही हजेऱ्या केवळ नशिबाने लागतात. जोकर १९४०मध्ये बॅटमनच्या पहिल्याच अंकात आला आणि त्याच अंकात मरणारही होता. संपादकाने शेवटी एक चौकट वाढवायला लावली, जोकर जिवंत आहे असं दाखवणारी. त्या एका चौकटीवर पुढची ८० हून जास्त वर्षं उभी आहेत. तेव्हा शाडूमाती, एका चौकटीवरून जीव टांगणीला लागणारे तुम्ही पहिले नाही.

गंजकीपीन · सोमवार, संध्याकाळी ७:३५

उशिरा आलो. जरा मोठा प्रतिसाद, चहा घेऊन बसा.

शाडूमाती, तुम्ही अंक सर्रास शोधत असाल तर थोडी मेहनत वाचवतो. इंद्रजाल मार्च १९६४मध्ये सुरू झालं आणि १९९०मध्ये बंद पडलं. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी वगैरे मंडळी त्यानंतरची. तेव्हा पहिल्या ३२मध्ये उंट शोधू नका. ४४३पर्यंत क्रमांक सरळ चालले, मग पद्धत बदलली आणि 'खंड २०, अंक १' असं सुरू झालं. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो.

आणि ही माझी फजिती. माझ्या यादीत दोन रिकाम्या जागा होत्या, १२३ आणि १२४. पुणे, मुंबई, नाशिक, एका लग्नाला गेलो तर इंदूरसुद्धा पालथं घातलं. जुना बाजारातला एक विक्रेता मला बघितलं की लांबूनच ओरडायचा, "साहेब, एकशेतेवीस नाही!" अशी ६ वर्षं. मग एका जुन्या संग्राहकाने सांगितलं, अरे बाबा, छापखान्याच्या संपामुळे ते दोन अंक निघालेच नाहीत. मी त्या विक्रेत्याला पेढे नेऊन दिले. त्याने विचारलं, "मिळाले का?" म्हटलं, "नाहीत, म्हणूनच."

आता जतन. इंद्रजालचा कागद हलका, तो पिवळा पडणारच. पण खरा शत्रू पिना. आपल्या पावसाळ्यात त्या गंजतात आणि मधल्या पानांना तपकिरी डाग देतात. मी पिना बोथट सुरीने उचकटून काढतो आणि पांढऱ्या सुती दोऱ्याने टाका घालतो. डांबरगोळ्या ठेवू नका, वास जन्मात जात नाही. वेखंडाची पुरचुंडी बरी. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल येते. आणि बाइंडिंग तर करूच नका! आमच्या वडिलांनी हौसेने १० अंकांचा एक असे गठ्ठे बांधून घेतले. बाइंडरने तिन्ही बाजू कापून 'फिनिशिंग' केलं, संवादाच्या फुग्यांच्या कडा गेल्या. त्याहून वाईट म्हणजे कव्हरं काढून टाकली, 'जाड होतंय' म्हणून. बी. गोविंद यांची रंगवलेली कव्हरं! वडील काही बोलले नाहीत, पण त्या बाइंडरकडे पुन्हा गेले नाहीत.

निळीशाई · सोमवार, रात्री ९:१०

गंजकीपीन, कव्हरांचं वाचून कसंतरीच झालं.

माझे बाबा मे महिन्यात कसबा पेठेत जिन्याखाली खाट टाकून कॉमिकची लायब्ररी चालवायचे. तिथेच बसून वाचलं तर १० पैसे, घरी न्यायचं तर २५. शिक्के मारायचं काम माझं. बाबांचा नियम असा की शिक्का कोपऱ्यात नाही मारायचा, सगळ्यांत चांगलं चित्र असेल त्याच्यावरच मारायचा, म्हणजे कुणी फाडून नेणार नाही. त्यामुळे मी पुण्यातल्या कित्येक खलनायकांच्या तोंडावर जांभळा शिक्का मारलाय. कोब्राच्या मुखवट्यावर तर फार सुरेख उमटायचा. रुपेरी_मुखवटा यांनी माफ करावं.

शाडूमाती, तुमच्या खिडकीबद्दल एक विचारते. ते पान उलटून बघितलंत का? मागच्या बाजूला काय आहे?

रुपेरी_मुखवटा · सोमवार, रात्री ९:१८

निळीशाई, माझ्याकडच्या एका अंकात कोब्राच्या कपाळावर जांभळा गोल आहे. मी इतकी वर्षं ती छपाईची चूक समजत होतो. ताई, आपण बोलायला हवं.

शाडूमाती · सोमवार, रात्री १०:०५

निळीशाई ताई, काय सांगू. अंक माझ्याकडे ३५ वर्षं आहे आणि ते पान मागून मी आज पहिल्यांदा नीट बघितलं.

मागे जाहिरात आहे. खिडकीच्या वर अर्धी ओळ उरलीये: 'कूपन भरून खालील पत्त्यावर'. भोवती तुटक रेघेची चौकट, तिच्यावरून कात्री चालवलीये.

म्हणजे ती चौकट कुणालाच नको होती. एका पोराने बक्षिसासाठी कूपन कापलं, आणि पाठीमागचं चित्र आपोआप गेलं. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की या शहरात कुठेतरी माझ्यासारखाच एक उंटवाला-वेडा आहे, त्याने ती चौकट वहीत चिकटवून जपलीये, आणि एखाद्या दिवशी रद्दीत मला ती वही मिळेल. त्याचा रागही यायचा आणि बरंही वाटायचं. आता नुसतंच कूपन.

बोळकर · सोमवार, रात्री १०:११

कॅमलच्या रंगपेटीची जाहिरात असेल तर उंट होताच की, मागच्या बाजूने.

अळूचं_फदफदं · सोमवार, रात्री १०:१४

बोळकर, बसा खाली.

(पण हसलो.)

शनिवारकर · मंगळवार, सकाळी ६:५०

शाडूमाती, त्या पानाचा आणि आधीच्या दोन पानांचा फोटो टाका. माझ्याकडे ट्रंकेत काही मराठी अंक आहेत. बघतो.

वेताळटेकडी · मंगळवार, सकाळी ७:३०

शनिवारकर?? 'मोजायचं नसतं'वाले?

शनिवारकर · मंगळवार, सकाळी ७:४१

मी मोजत नाही. ठेवतो. दोन्हींत फरक आहे.

राकाराम · मंगळवार, सकाळी ११:००

तोवर अवांतर: ऑनलाइन भाव बघितलेत का कुणी? एका फाटक्या अंकाला जे मागतायत, त्यात सहकुटुंब थाळी होईल. जुना बाजार अजून परवडतो का?

गंजकीपीन · मंगळवार, सकाळी ११:४५

राकाराम, परवडतो, पण तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. बुधवारी आणि रविवारी भरतो, रविवारी लवकर जा. इंद्रजाल दिसला की डोळे चमकू द्यायचे नाहीत. आधी शेजारचा नळाचा कॉक उचलायचा, त्याचा भाव करायचा, नको म्हणायचं. मग जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा विचारायचा आणि त्यात कॉमिक 'असू द्या' म्हणून सरकवायचं. एकदा माझ्या मुलाला नेलं, तो ओरडला, "बाबा, मँड्रेक!" आणि २० चे २०० झाले. त्याला पुढे दोन वर्षं नेलं नाही.

शाडूमाती · मंगळवार, दुपारी १२:२०

फोटो टाकलेत, तिन्ही पानांचे. शनिवारकर काका, आधीच आभार. घाई नाही (आहे).

शनिवारकर · बुधवार, सकाळी ६:३०

सापडला.

ट्रंक माळ्यावर होती. वयाच्या ७१व्या वर्षी शिडीवर चढल्याबद्दल सौ.ने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अंक तोच आहे. आधीची दोन्ही पानं चौकटीला चौकट जुळतात.

तुमच्या खिडकीत उंट नाही. एक बंद दार आहे आणि बाहेरून कुणीतरी विचारतंय, "कोण आहे आत?" बस, एवढंच.

शाडूमाती · बुधवार, सकाळी ६:४४

आणि शेवटची दोन पानं? आत कोण असतं?

शनिवारकर · बुधवार, सकाळी ७:०२

तेच सांगायला धीर करतोय. मागचं कव्हर आणि शेवटची दोन पानं वाळवीने खाल्लीत. बाकी अंकाला धक्का नाही. चाळणीसुद्धा नाही, पार भुगा.

बोळकर · बुधवार, सकाळी ७:०५

हा उंटवालाच. पुरावा नष्ट करून गेला.

डूमभक्त · बुधवार, सकाळी ९:३०

मी तर म्हणतो वाळवी हीच हजेरी. काका, नोंद ठेवा!

रुपेरी_मुखवटा · बुधवार, सकाळी १०:१५

ठेवू नका. न दिसलेल्या चेहऱ्याची हजेरी लावायला लागलो तर प्रत्येक बंद दारामागे उंटवाला निघेल. शनिवारकर, तुमच्या अंकाचं पुढचं कव्हर शाबूत असेल तर क्रमांक सांगा, त्यावरून मूळ स्ट्रिप शोधता येईल. वेळ लागेल, पण उत्तर मिळेल.

निळीशाई · बुधवार, सकाळी ११:०५

मिळेल हो. पण शाडूमातींना ते हवंय का, हे आधी विचारा.

शाडूमाती · बुधवार, रात्री ९:५०

ताईंनी बरोबर ओळखलं. दिवसभर वही उघडी ठेवून बसलो होतो.

तर माझ्यापुरतं ठरवलं ते असं. कथा एक तर हजेरी एक, हे रुपेरीरावांचं मान्य. मराठी प्रत असेल तर नोंद शाईने, नुसती हिंदी-इंग्रजी असेल तरीही शाईने, पण समासात. नुसतं नाव निघालं तर हजेरी नाही, काम केलं पाहिजे, हे डूमभक्तांचं. त्यात मुलीच्या दोन गोष्टी गळाल्या. १९चे ९ झाले होते, आता ७ उरले. क्रमांक ११ मात्र खोडलेला नाही, पेन्सिलीने ठेवलाय. शनिवारकर काका, अंकाचा क्रमांक एवढ्यात सांगू नका. मी मागेन तेव्हा सांगा.

शनिवारकर · बुधवार, रात्री १०:००

कागदावर लिहून ट्रंकेत ठेवलाय. माझं वय ७१ आहे हे ध्यानात ठेवून मागा.

गंजकीपीन · शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

रविवारी सकाळी ७:३० वाजता जुना बाजार, कुंभारवेशीच्या बाजूने. कोण कोण येतंय? नंतर मिसळ. कॉमिक दिसल्यावर ओरडणाऱ्याने मिसळीचे पैसे द्यायचे.

राकाराम · शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

आलोच.

निळीशाई · शुक्रवार, रात्री ८:१५

मी येते. शिक्का घेऊन!

शाडूमाती · रविवार, दुपारी २:१०

घरी पोचलो. मंडळी, मजा आली. मिसळीचे पैसे राकाराम यांनी दिले हे नोंदीसाठी लिहून ठेवतो. शनिवारकर काका, तुम्ही याल असं वाटलं नव्हतं, आणि नळाचा कॉक खरंच विकत घ्याल असं तर मुळीच वाटलं नव्हतं.

मला वेताळाचे दोन, बहादूरचा एक असे अंक मिळाले. उंटवाला नाही. पण घरी येऊन पिशवी रिकामी केली तर तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मातीचं काहीतरी निघालं. बोटभर उंचीचं. ओलसर आहे अजून, कालच केलेलं असणार. मी पिशवी एकदाच खाली ठेवली होती, मिसळीच्या टेबलाखाली, आणि तिथे आपण सगळेच होतो.

कबूल करा, कुणी ठेवलं? बायको विचारतेय.

अळूचं_फदफदं · रविवार, दुपारी २:१६

मी आलोच नव्हतो, त्यामुळे माझ्यावर संशय नको. पण वहिनी नक्की काय विचारतायत?

शाडूमाती · रविवार, दुपारी २:१९

"हा कुत्रा कोणी दिला?"